पाच चोकांचा संच आणि एक पावसाळा: नव्याने ट्रॅप सुरू करणाऱ्यांसाठी वापरानंतरचा अनुभव

पावसाळा सरला आणि माझ्या ट्रॅपच्या (उडत्या चकत्यांवर छर्र्याने नेम धरायच्या खेळाच्या) गनच्या खालच्या नळीतला हाफ चोक जागचा हलेना. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी आट्यांनी बसणारं, छर्र्यांचा फैलाव आवरणारं नळकांडं. किल्ली सटकली, चोकच्या खाचांच्या कडा चेपल्या आणि विक्रेत्याने हात वर केले: किल्ली वॉरंटीत येत नाही म्हणे. तेव्हा या संचाबद्दल गेल्या काही महिन्यांत जे मत झालं ते एकदाचं लिहून टाकतो. गनबद्दल नाही, फक्त चोकांबद्दल, आणि तेही नवशिक्यांसाठी. त्यातही रत्नागिरी-मालवण पट्ट्यात ज्यांच्या घरापर्यंत खारी हवा येते त्यांनी नीट वाचावं.

गन नेहमीचीच आहे. १२ बोअर, अंडर-ओव्हर (एकावर एक दोन नळ्या), ३० इंची नळ्या, सोबत नळीच्या तोंडाशी सपाट बसणारे पाच चोक, सैलपासून घट्टपर्यंत: सिलिंडर, आयसी (इम्प्रूव्ड सिलिंडर), हाफ, थ्री-क्वार्टर, फुल. वर पत्र्याची एक किल्ली.

निकाल आधीच सांगतो. शिकायच्या काळात दोन्ही नळ्यांत हाफ लावा आणि चोक हा विषय डोक्यातून काढून टाका. अडचण एवढीच की संचात हाफ एकच येतो. सिलिंडर, जो ट्रॅपला कधीही लागत नाही, तो दिलाय. आणि जो लागतो त्याची जोडी नाही. पैसे पाच चोकांचे, उपयोग दीड चोकाचा. अशा संचाला मी पाचपैकी तीन गुण देतो, त्यातला एक हाफच्या पॅटर्नसाठी, म्हणजे छर्रे कसे पसरतात त्यासाठी.

हाफच का, ते आकड्यांत सांगतो. चोकचा आवळा म्हणजे नळीच्या आतल्या व्यासातून चोकच्या तोंडाचा व्यास वजा करायचा. आयसीचा साधारण ०.२५ मिमी, हाफचा ०.५, थ्री-क्वार्टरचा ०.७ ते ०.७५, फुलचा ०.९ ते १. बर्डचा, म्हणजे उडत्या चकतीचा, व्यास ११० मिमी, पण ट्रॅपमध्ये तो आपल्यापासून दूर पळत असतो, त्यामुळे दिसते ती त्याची कड, जेमतेम अडीच सेंटिमीटर उंचीची. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये, बर्ड जिथून सुटतो त्या खंदकाच्या १५ मीटर मागे उभं राहायचं, बर्ड डावी-उजवीकडे ४५ अंशांपर्यंत कुठेही सुटतो आणि ७६ मीटरवर जाऊन पडेल अशा वेगाने जातो. काडतूस २४ ग्रॅमचं. छर्रा २.४ मिमीचा असेल तर त्यात साधारण २९५ छर्रे बसतात.

आता ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात आयसी निम्मे छर्रे टाकतो, हाफ ६० टक्के, फुल ७० टक्के. म्हणजे अनुक्रमे १४७, १७७ आणि २०६ छर्रे. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ४,५६० चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की हाफमध्ये एका छर्‍याच्या वाट्याला २६ चौरस सेंटिमीटर येतात, आयसीमध्ये ३१. बर्डची मागून दिसणारी कड साधारण २७. मधोमध दाटी सरासरीपेक्षा जास्त असते, कडेला कमी. म्हणजे या अंतरावर आयसीने बर्ड वर्तुळाच्या बाहेरच्या भागात सापडला तर छर्‍यांच्या मधून सुखरूप निघून जाऊ शकतो. नेम बरोबर होता, तरी पाटीवर लॉस्ट, म्हणजे हुकला. नवशिक्याच्या मनाला सगळ्यात वाईट लागतं ते हेच, कारण तो पुढच्या बर्डला चुकीची सुधारणा करतो.

मग फुल का नको? कारण ३० यार्डांवर फुलचा मुख्य फेर ६६ सेंटिमीटरचा, हाफचा ८१. पंधरा सेंटिमीटर म्हणजे दीड हात नव्हे, पण पहिल्या काही महिन्यांत गन खांद्याला दर वेळी एकाच जागी बसत नाही, गाल दस्त्यावरून उचलला जातो, आणि नेमके तेवढेच सेंटिमीटर कामी येतात. मोठे नेमबाज पहिल्या नळीला थ्री-क्वार्टर किंवा फुल लावतात, कारण ते बर्ड लवकर गाठतात आणि मधोमध गाठतात. नवशिक्या उशिरा गाठतो, म्हणून अंतर वाढतं, म्हणून आयसी पुरत नाही. आणि मधोमध गाठत नाही, म्हणून फुल झेपत नाही. या दोन्ही कमतरता एकाच वेळी सांभाळणारा चोक हाफच.

१६ यार्डांवरून खेळायचा सोपा ट्रॅप असेल, जिथे बर्ड मध्यापासून २२ अंशांच्या आतच सुटतो, तिथेही हाफ चालतो. बदलायची गरज नाही.

हाफचा आणखी एक गुण म्हणजे तो खरं बोलतो. बर्डचा काळा धूर झाला तर मधोमध लागला. तीन-चार मोठे तुकडे झाले तर कडेवर. नुसती कपची उडाली तर ती कोणत्या बाजूने उडाली ते बघा. वरची उडाली तर बार वरून गेला, मागची उडाली तर गन थांबली. आयसीमध्ये मधोमध लागलेला बर्डही कधी दोन तुकड्यांतच फुटतो, त्यामुळे काय बरोबर झालं ते कळत नाही.

पॅटर्नचं म्हणाल तर चोकवर कोरलेल्या ताऱ्यांवर किंवा खाचांवर विसंबू नका. बेरेटा कंपनीच्या पद्धतीत एक तारा म्हणजे फुल, दोन म्हणजे थ्री-क्वार्टर, तीन म्हणजे हाफ, चार म्हणजे आयसी. तारे वाढले की चोक सैल. बऱ्याच जणांच्या डोक्यात हे उलटं बसलेलं असतं. शिवाय आवळा हा नळीच्या व्यासावर ठरतो. जुन्या मापाची नळी १८.५ मिमीच्या आसपास असते, हल्लीच्या रुंद नळ्या १८.६ ते १८.८. काडतूस बदललं की पॅटर्न चोकच्या एका पायरीइतका सहज बदलतो: कडक, अँटिमनी जास्त असलेला छर्रा घट्ट जातो, मऊ छर्रा नळीतच चेपतो आणि फाकतो. खोक्यावरचा नंबर वाचण्यापेक्षा मिलिमीटर वाचा. इंग्लिश ७ आणि अमेरिकन साडेसात हे दोन्ही २.४ मिमीच आहेत.

तपासायची रीत अशी. सव्वा मीटर चौरसाचा कागद, मध्ये हाताच्या पंजाएवढा ठिपका, ३२ ते ३५ मीटर अंतर, एका कागदावर एकच बार. असे निदान पाच कागद. ७६ सेंटिमीटरचं वर्तुळ ठिपक्याभोवती नाही, जिथे भोकं सगळ्यात दाट आहेत त्याभोवती काढायचं, भोकं मोजायची, पाचांची सरासरी घ्यायची. ३२ मीटरवर हाफला ७० टक्क्यांच्या आसपास आकडा यायला हवा, म्हणजे सुमारे २१० भोकं. माझ्या संचातला हाफ इथे तंतोतंत उतरला. थ्री-क्वार्टर मात्र फुलसारखा वागतो. वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून किती सरकला तेही मोजा. ट्रॅपच्या गनचा बार थोडा वर बसतो, ते योग्य आहे. डावी-उजवीकडे सरकत असेल तर दोष दस्त्याच्या मापात आहे, चोकमध्ये नाही.

हे सगळं रेंजवरच करा. सड्यावर चिटपाखरू नाही म्हणून तिथे कागद लावू नका. हा छर्रा दोनशे मीटरपर्यंत जातो, सड्यावर गुराखी कधीही समोर येतो, आणि परवान्याच्या अटींचा प्रश्न वेगळाच. कागदामागे चिऱ्याची भिंत तर कधीच नको. जांभ्यावरून छर्रा उलट येतो. मागे मातीचा बांध हवा.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण किनाऱ्यावर चोक निवडण्यापेक्षा तो नळीत मोकळा ठेवणं जास्त कठीण आहे.

अंडर-ओव्हरमध्ये पहिला बार खालच्या नळीतून जातो, त्यामुळे तीच जास्त तापते, तिच्याच चोकमध्ये वॉडचं (काडतुसात छर्रे धरणाऱ्या वाटीचं) वितळलेलं प्लॅस्टिक आणि काजळी जास्त साचते. नळीच्या आतून क्रोमचा थर असतो, पण चोकच्या आट्यांवर बहुधा तो नसतो. तिथे उघडं पोलाद आणि चोक स्टेनलेसचा. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल: गंज पकडतो तो नळीच्या बाजूला, म्हणजे जी बदलता येत नाही तिला. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस थांबला तरी आट्यांतली ओल सुकत नाही. वर आपण गन फोमच्या अस्तराच्या पेटीत किंवा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. फोम तेवढीच ओल धरतो.

उपाय सोपा आहे, पण नेमाने करावा लागतो. रेंजवरून आल्यावर नळ्या थंड झाल्या की गन उघडा, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे आरपार बघून खात्री करा, मगच चोक काढा. चोक सॉल्व्हंटमध्ये वीस मिनिटं ठेवा, कांस्याच्या तारेच्या ब्रशने आतून प्लॅस्टिक काढा, आट्या जुन्या दातब्रशने घासा. नळीच्या आट्या सुती फडक्याने पुसा. मग तांब्याचं किंवा मॉलिब्डेनमचं अँटी-सीझ ग्रीस, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढं, सगळ्या आट्यांवर पातळ पसरवा. जास्त लावलं तर बार काढताना तेच जळून चिकटतं. चोक हाताने पूर्ण बसवा, शेवटी किल्लीने फक्त टेकवा. आवळायचा नाही. चोकच्या मागच्या टोकावर आणि नळीतल्या पायरीवर ग्रीस राहू देऊ नका. तिथे धातूला धातू टेकलाच पाहिजे.

खोबरेल लावू नका. आपल्याकडे घरात कोयता, विळी, बंदूक सगळ्याला तेच लागतं. ते २४-२५ अंशांखाली थिजतं, उष्णतेने चिकट होतं, आणि आट्यांत काही महिन्यांनी त्याचा डिंक होतो. शिलाई मशीनचं तेल त्याहून बरं, पण ते आट्यांत टिकत नाही, ओघळून जातं.

चोक सैल राहणंही तितकंच वाईट. वायू त्याच्या मागून शिरतो, मागची कड उचलते, छर्रे तिच्यावर आदळतात आणि नळीला फुगवटा येतो. म्हणून दर २५ बर्डनंतर गन उघडून, काडतुसं काढून, बोटाने चोक तपासा. आट्या असलेल्या नळीतून चोक न लावता एकही बार काढायचा नाही.

इथे माझं एक मत बदललं आहे. सुरुवातीला विचारणाऱ्यांना मी सांगायचो की नळीबाहेर येणारे लांब चोक म्हणजे निव्वळ शोभा, पैसे काडतुसांत घाला. डोंगरावरच्या कोरड्या गावात आजही तेच सांगेन. किनाऱ्यावर नाही. लांब चोकला बाहेर खरखरीत कडं असतं, तो किल्लीशिवाय हाताने फिरतो, त्यामुळे माणूस तो खरंच काढतो. सपाट चोक किल्ली शोधायच्या कंटाळ्याने महिनाभर तसाच राहतो. म्हणून जो दुसरा हाफ घ्यावाच लागणार आहे, तो लांब घ्या आणि खालच्या नळीत लावा. संचातला वरच्या नळीत. लांब चोक हातात येईपर्यंत खाली हाफ, वर थ्री-क्वार्टर चालेल. घेताना आट्यांची पद्धत बघा: बेरेटाचे मोबिलचोक आणि ऑप्टिमा, ब्राउनिंगचे इन्व्हेक्टर आणि इन्व्हेक्टर प्लस दिसायला भाऊ-भाऊ, पण एकमेकांच्या नळीत चालत नाहीत. एखादा आटा पकडला म्हणून जोर लावाल तर नळी जाईल.

जाम झालेला चोक काढायची रीत. नळ्या गनपासून वेगळ्या करा, तोंड खाली करून उभ्या ठेवा, चोकच्या फटीत भिनणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी फडकं कढत पाण्यात बुडवून नळीच्या तोंडाभोवती गुंडाळा, दोन-तीन वेळा. मग जाड पोलादी किल्ली दोन्ही खाचांत पूर्ण बसवून, दाबून धरून, उलट्या काट्याने एकसारखा जोर. झटका नाही. स्टोव्हची ज्योत नाही, कारण दोन नळ्यांमधल्या पट्ट्या मऊ डाकाच्या असतात आणि सुटतात. पक्कड नाही, व्हाइस नाही. तोंडाशी नळी फार पातळ असते. माझा तिसऱ्या दिवशी सुटला. तेवढ्याने न सुटल्यास परवानाधारक कारागिराकडेच न्या.

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या जुन्या दोननळीने ट्रॅप सुरू करावा का, असं पुष्कळ जण विचारतात. त्यांत चोक नळीतच घडवलेले, न निघणारे असतात, बहुधा उजवीकडे हाफ आणि डावीकडे फुल. उजव्या नळीने शिकायला काहीच हरकत नाही, नळ्या सुस्थितीत आहेत आणि त्या ७० मिमीच्या काडतुसासाठी आहेत एवढं कारागिराकडून तपासून घ्या. आवळा कमी करायला नळीचं तोंड कापायचा विचारही करू नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि निवडणुकीत गन पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर ती तिथे कित्येक आठवडे तशीच उभी राहते. देण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही चोक काढून आट्या साफ करा, ताजं ग्रीस लावा, नळ्यांना आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवा आणि चोक पाव फेरा सैल ठेवा. परत आल्यावर पहिलं काम चोक काढून आट्या पुसणं आणि पुन्हा पूर्ण बसवणं, मगच रेंज.