रिकनबॅकर ३६०/१२ (१९६७): बारा तारा, सहा सॅडल आणि एक पूर्ण पावसाळा

बारा तारांच्या गिटारला सहाच सॅडल (ब्रिजवर तारा जिथे टेकतात ते पुढे-मागे सरकणारे तुकडे) का द्यायचे? हे वाद्य वापरायला लागल्यापासून या एका प्रश्नाने डोकं खाल्लंय, त्यामुळे खालचा अर्धा मजकूर त्यावरच आहे. बाकीच्या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच: मेपलची आतून कोरलेली अर्धपोकळ बॉडी, पावणेपंचवीस इंची स्केल (तारेची वाजती लांबी), २१ फ्रेट (मानेवरचे धातूचे पडदे), दोन टोस्टर पिकअप (टोस्टरसारखे दिसणारे, तारेचा कंप टिपणारे), पाच नॉब. हे गोल कडांचं मॉडेल आहे. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला फेब्रुवारी १९६४ मध्ये मिळालेलं, ते टोकदार कडांचं जुनं.

तर सॅडल. एका सॅडलवर दोन खाचा, एका खाचेत मुख्य तार, दुसरीत तिची जोडीदार: खालच्या चार जोड्यांत ऑक्टेव्ह, म्हणजे एक सप्तक वरची तार, वरच्या दोनांत त्याच सुराची. दोघींची लांबी कायम सारखी. आजकाल सर्रास मिळणारा लाइट सेट घ्या. त्यात जीची, म्हणजे तिसरी, जोडी .०१७ आणि .००८ इंच जाडीची असते, दोन्ही प्लेन (गुंडाळी नसलेल्या). मोकळी जोडी सुरात लावली की छान वाटतं, पण सातव्या फ्रेटच्या वर गेलात की दोघी भांडायला लागतात. जाड तारेसाठी सॅडल मागे न्या, बारीक तार बाराव्या फ्रेटवर उतरते. बारीकसाठी पुढे आणा, जाड चढते. मधोमध ठेवा, दोन्ही थोड्या थोड्या बेसूर. वरून ही बारीक जी अख्ख्या गिटारवरची सगळ्यात उंच तार, पहिल्या ईच्याही वर, त्यामुळे चूक लपत नाही. तानपुऱ्याची जोडी एका केसाने हलली की कान जसा टोचतो, तसं होतं.

या कामासाठी मुंबईतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे विचारलं तर उत्तर मिळालं, 'ब्रिज काढून टाकू, बॉडीला दोन भोकं पाडून दुसरा बसवू.' १९६७ च्या वाद्याला भोकं! वर त्याचा जो आकडा सांगितला, त्यात तारांचे वर्षभराचे सेट आले असते. ब्रिज बदलायचाच असेल तर रिकनबॅकरचाच बारा सॅडलवाला ब्रिज मिळतो. तो आहे त्याच बेसप्लेटवर बसतो, एकही भोक लागत नाही. जुना ब्रिज पिशवीत घालून केसमध्ये ठेवायचा, विकताना त्याची किंमत होते. सुरुवातीचे काही महिने माझंही हेच मत होतं: बारा सॅडलवाला घ्या आणि विषय संपवा.

ते मत आता बदललंय, आणि कारण एक तार आहे. साठच्या दशकात अमेरिकेत मिळणाऱ्या नेहमीच्या सेटमध्ये तिसरी तार, म्हणजे जी, वाउंड (गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेली) असायची. हा ब्रिज त्या तारांच्या जमान्यातला. तार फ्रेटवर दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. किती चढतो हे तारेच्या बाहेरच्या जाडीवर नाही, आतल्या पोलादी गाभ्याच्या जाडीवर ठरतं. .०१७ प्लेनमध्ये सगळाच गाभा, त्यामुळे ती शेजारच्या .००८ पेक्षा कितीतरी जास्त चढते. .०२० वाउंडचा गाभा मात्र त्याहून बराच बारीक असतो, म्हणून ती ऑक्टेव्हच्या खूप जवळ येते. तर .०१७ काढा, .०२० वाउंड लावा, सॅडल थोडं पुढे घ्या. बाराव्या फ्रेटवरचा कलह जवळपास मिटतो. खर्च एका सुट्या तारेचा. ताण किलो-सव्वा किलोने वाढतो आणि जी बेंड होत नाही (बोटाने ताणून सूर चढवता येत नाही). पण बारा तारांवर बेंड करतं कोण?

डी आणि एच्या जोड्या लाइट सेटमध्येही फारसा त्रास देत नाहीत, गाभ्याचं गणित तिथे आपोआप जुळतं. खालची ई (.०४६ आणि .०२६) थोडी कुरकुरते. तिचं सॅडल ऑक्टेव्हच्या बाजूला झुकतं ठेवा, म्हणजे कॉर्डमध्ये जाणवत नाही. तिथेही समाधान नसेल तर एक सुटं सॅडल विकत घेऊन त्याच्या दोन खाचांचे टेकू पुढे-मागे घासून घ्या. मूळ सॅडलला कानस लावू नका. नटकडे (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) मात्र बघावं लागतं. .०१७ साठी कापलेल्या खाचेत .०२० अडकते, आणि की (तार ताणायची खुंटी) फिरवल्यावर तार 'टिंग' करून एकदम उडी मारते. खाच पाऊण दशांश मिलिमीटर रुंद करायची, खोल अजिबात नाही. मूळ नट असेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आता मानेकडे, कारण या गिटारचं खरं नुकसान इथेच होतं. मानेत दोन ट्रस रॉड (तारांच्या ताणाविरुद्ध मान धरून ठेवणाऱ्या सळया) आहेत, एक खर्जाच्या बाजूला, एक वरच्या. दोन्ही जुन्या पद्धतीचे, पट्टी दुमडून केलेले. हेडस्टॉकवरची (मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) नावाची प्लेट काढली की रॉडचे दोन नट दिसतात (हे आट्यांचे, वरचा तारांचा नट नव्हे), पाव इंची पाना लागतो. आधुनिक गिटारसारखा नट आवळून मान सरळ करायला जाऊ नका. या रॉडचं काम मान धरून ठेवण्याचं आहे, वाकवण्याचं नाही. तारा पूर्ण सैल करा, नट सैल करा, मान हाताने हवी त्याहून किंचित जास्त मागे वाकवा, आणि तशीच धरून नट हलकेच बसवा. दोन माणसं असली तर बरं. मग तारा चढवून एक दिवस थांबा आणि पुन्हा मोजा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ मिमीच्या आसपास फट पुरते. जोर लावला तर दोनपैकी एक होतं: नटचा आटा जातो, किंवा हेडस्टॉककडच्या टोकाला फ्रेटबोर्ड मानेपासून उचलला जातो. घेताना तिथे नख फिरवून बघाच. रॉड खराब झाला तर फ्रेटबोर्ड न काढता बाहेर ओढून बदलता येतो, ही जमेची बाजू. दोन रॉड वेगवेगळे फिरत असल्याने थोडा पीळही काढता येतो.

वर सांगितलेल्या लाइट सेटचा एकूण ताण मूळ सुरात नव्वद किलोच्या आसपास जातो, साध्या सहा तारांच्या जवळपास दुप्पट. अर्धा सूर खाली लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) घातला की दहाएक किलो कमी होतात. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात मी हेच करायला सांगेन. दमट हवेत मान हलते, सॅडलचे स्क्रू आणि रॉडचे नट गंजतात. आट्यांवर हलकं तेल एक थेंब, केसमध्ये सिलिका जेल, बस. फ्रेटबोर्डवर वॉर्निश आहे, तिथे लेमन ऑइल चोळायचं नाही. फ्रेट बदलायचे म्हणजे ते वॉर्निशही आलं, त्यामुळे शिल्लक फ्रेट किती उंच आहेत ते घेतानाच बघा.

'आर' टेलपीस (तारांची मागची टोकं धरणारा भाग) दिसायला देखणा, पण ओतीव धातूचा आहे आणि वाकाजवळ तडकतो. क्रोमवरचा ओरखडा आणि तडा यात फरक करायला बॅटरीचा तिरका उजेड टाका. तारा बदलताना बॉल एंड (तारांच्या टोकाचे गोळे) त्याच्या खाचेतून सुटतात आणि शिव्या बाहेर पडतात. मास्किंग टेपची पट्टी लावा, एका वेळी एकच जोडी बदला. सहा की बाजूला आणि सहा मागच्या दिशेला. हेडस्टॉकच्या खोबणीत कापलेलं तारेचं टोक राहिलं तर बोटात घुसतंच.

आवाजाबद्दल थोडक्यात. बहुतेक बारा तारांवर खाली स्ट्रोक मारताना ऑक्टेव्ह आधी लागते, इथे क्रम उलटा, मुख्य तार आधी. टोस्टरचं मोजमाप साधारण सात ते आठ किलोओहम यायला हवं. ब्रिज पिकअपच्या मार्गात .००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, तोच खर्ज कापून ती पातळ किणकिण देतो. पूर्वी बऱ्याच जणांनी तो काढून टाकलाय, तेव्हा ब्रिज पिकअप जाड वाजला तर आत बघा. आणि बर्ड्स बँडच्या रॉजर मॅकग्विनसारखा लांबत जाणारा आवाज फक्त गिटारमधून येणार नाही, त्याने कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी ठेवणारं यंत्र) वापरला होता. रिक-ओ-साउंडच्या (दोन पिकअप वेगळे बाहेर काढणाऱ्या स्टिरिओ) जॅकमध्ये साधी मोनो केबल घातली तर एकच पिकअप ऐकू येतो. पिकअप मेला म्हणून कोणी भाव पाडून देत असेल, तर आधी केबल बदलून बघा, आणि खरंच तेवढंच निघालं तर गप्प बसून पैसे द्या.

साल तपासायचं तर जॅकप्लेटवरच्या (केबल लावायच्या जागेची पट्टी) क्रमांकाचं पहिलं अक्षर 'जी' म्हणजे १९६७, दुसरं महिन्याचं, 'ए' जानेवारी ते 'एल' डिसेंबर. पण जॅकप्लेट मोजक्या स्क्रूंवर निघते आणि दुसऱ्या गिटारवरही बसते. म्हणून पॉटवरचा (नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरवरचा) आकडा वाचा: १३७ ने सुरू होत असेल तर कंपनी सीटीएस, त्यापुढे वर्ष आणि आठवडा. पॉट प्लेटपेक्षा थोडे जुने असणं चालतं. नवे निघाले तर सोल्डरिंग कोणी, कधी आणि का उघडलं ते विचारा, आणि उत्तर पटेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.