लॉनची कड कापायला काय घ्यावं: लोहाराचं पातं, ब्रशकटर की पाइपाला बांधलेला ग्राइंडर?

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, बंगल्याच्या लॉनची तक्रार एकच: हरळी शहाबादी ओलांडून पायवाटेवर येते. ती कापायला तीन वाटा दिसतात. पायाने दाबायचं अर्धगोल पातं, ब्रशकटरची (लांब दांड्याच्या गवत कापायच्या इंजिनाच्या यंत्राची) नायलॉन दोरी, आणि दातेरी पातं लावून पाइपाला बांधलेला धातू-फरशी कापायचा हातग्राइंडर. तिसरी वाट धरू नका. तरी आधी तिच्याबद्दलच बोलायला हवं, कारण मोह तिचाच पडतो.

हा मोह कोरड्या काळ्या मातीमुळे पडतो. एप्रिल-मेमध्ये नळाला काही दिवसांआड पाणी, आणि माती विटेसारखी. पातं आत जात नाही म्हणून माणूस यंत्राचा वेग शोधतो. उपाय मात्र ओलीत आहे. कडेला पाणी देऊन एक-दोन दिवस थांबा, वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांना चिकटू नये. त्या मातीत तेच पातं अंगाच्या वजनाने अडीच-तीन इंच उतरतं.

आता ग्राइंडर. चार इंची ग्राइंडर विनाभार मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्यावर ११० मिलिमीटरचं लाकूडकापणीचं पातं चढवलं की दात्याचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. ग्राइंडरच्या चकतीचं भोक साधारण १६ मिलिमीटरचं असतं, तर मार्बल कटरला बसणाऱ्या या लाकडाच्या पात्याचं २० चं. मधली फट टेप किंवा तारेच्या कडीने भरली जाते. पातं केंद्र सोडून फिरतं, यंत्र थरथरतं, नट सैल होतो. पातं गार्डला, म्हणजे वरच्या संरक्षक झाकणाला, घासतं म्हणून गार्डही निघतो. कार्बाइडचे दाते नुसते झाळून बसवलेले असतात. मातीतला दगड किंवा शहाबादीची कड लागली की ते सुटून उडतात. दाता सुटला नाही तर पातं अडकतं आणि अख्खं यंत्र धरणाऱ्याच्या दिशेने उसळतं. चार फुटी पाइपावर तर स्विच हाताबाहेर असतो. तो चालू स्थितीत अडकणारा असेल, तर हातातून सुटलेलं यंत्रही फिरतच राहतं.

वर ओलं गवत आणि एक्स्टेन्शनची वायर. दुहेरी इन्सुलेशनच्या ग्राइंडरला अर्थिंग नसतं, आणि हवेच्या जाळीतून चिखल आत गेला की त्या इन्सुलेशनचा भरवसा उरत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) शॉकपासून वाचवेल. पात्यापासून वाचवणारं तिथे काहीच नाही.

ब्रशकटर हे काम नीट करतो, फक्त त्याच्यावर जुगाड करू नका. नेहमी दिसणारे जुगाड तीन. पहिला, दोरी लांब सुटावी म्हणून गार्ड काढणं. गार्डमधली छोटी सुरी दोरी मापात ठेवते. ती गेली की इंजिनावर भार येतो, क्लच तापतो आणि खडे थेट नडगीवर येतात. दुसरा, नायलॉनऐवजी जीआय तार किंवा बाइकची जुनी क्लच केबल. हा सर्वांत घातक. तार वाकून वाकून थकते आणि तिचा तुकडा गोळीसारखा सुटतो. साखळीसारख्या धातूच्या जोडण्यांवर युरोपीय संघाने २०१२ मध्ये विक्रीबंदी आणली, ती तुटून उडालेल्या कडीने माणूस दगावल्यावर. तिसरा, टेबल सॉचं दहा इंची पातं. ब्रशकटरचा डोका मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल तर या पात्याची कड ताशी ३३५ किलोमीटरच्या आसपास जाते. पात्यावर कोरलेली कमाल आरपीएम वाचा. ती डोक्याच्या वेगापेक्षा कमी असेल तर पातं परत ठेवा.

एक बदल मात्र चालतो: दांड्याला क्लँपने छोटं चाक लावणं. त्याने दोरी उभी धरली तरी उंची एकसारखी राहते. दांड्याला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. आत शाफ्ट फिरतो. चाक गार्डच्या आड येत नाही ना, ते बघा. नायलॉन २.४ मिलिमीटरची पुरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती सुकून कडक होते आणि शहाबादीला लागून पटापट तुटते, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा. डोळ्यांना गॉगल आणि पायात गमबूट हवेत. १५ मीटरच्या आत दुसरं कुणी नको. रस्त्यालगतच्या लॉनला ही अट पाळणं अवघड जातं, म्हणून तिथे सकाळी लवकर काम उरका.

अर्धगोल पातं लोहाराकडून करून घेता येतं. रुंदी ९ इंच, उंची साडेचार, जाडी ४ मिलिमीटर, वर पाय ठेवायला इंचभर पट्टी, दांडा साडेचार फूट. धार एकाच बाजूने, कानशीने. साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट पुरते. ट्रकच्या जुन्या पाट्याची (स्प्रिंगच्या पट्टीची) धार जास्त टिकते, पण त्याला थेट वेल्डिंग केलं तर जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि पाय दाबताना तिथेच तुटतं. पाटाच हवा असेल तर दांड्याची खोबण दोन बोल्टनी जोडा. वेल्डिंगच करायचं तर जोड आधी चांगला तापवून घ्यायला आणि नंतर कोरड्या राखेत हळूहळू निवू द्यायला सांगा.

निवड लांबीवरून करा. शंभर फुटांपर्यंतची कड असेल तर पातं एकटं पुरतं. त्याहून मोठ्या सोसायटीच्या लॉनला वर्षातून दोनदा वाफशावर पात्याने चर पाडा, आणि मधल्या काळात दर पंधरवड्याला दोरी फिरवा. चरातल्या हरळीच्या काशा (जमिनीखाली पसरणारी खोडं) हाताने उपटा, नाहीतर त्या पुन्हा फुटतात. शहाबादी उभी बसवणार असाल तर खाली दोन इंच मुरूम ठोका. काळी माती फुगते-आकसते आणि नुसत्या मातीतली फरशी कलते.

पातं दाबण्याआधी ठिबकची नळी आणि बागेतल्या दिव्यांची केबल कुठून जाते ते चुन्याने आखून घ्या, आणि दिव्यांचा एमसीबी खाली पाडूनच पहिला पाय ठेवा.