जुना सीलबंद डबा की दुकानातलं नवीन ऑईल? बुलेट, जीप अन् ट्रॅक्टरवाल्यांसाठी

विदर्भातल्या गावांत जुनं इंजन ऑईल सापडायच्या जागा ठरलेल्या: बंद पडलेल्या जिनिंगचं गोडाऊन, शेतातल्या डिझेल इंजनाची खोली, स्पेअर पार्टच्या जुन्या दुकानाचा माळा. पत्र्याचा डबा, सील शाबूत, आणि दारात कास्ट आयर्न बुलेट नाहीतर जुनी जीप उभी. मिस्त्री म्हणतो, "जमिनीत करोडो वर्ष राह्यलं ते, डब्यात तीस वर्षांत काय होते त्याले?"

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. मूळ खनिज तेल बंद डब्यात, सावलीत सहसा खराब होत नाही. चालत्या इंजनात ऑईल शंभर अंशांच्या आसपास तापतं, त्यापुढे आपला ४५ अंशांचा मे महिना काहीच नाही. पण डब्यात नुसतं तेल नसतं. काजळी तरंगत ठेवणारं डिटर्जंट, कॅम-टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) घासण थांबवणारं झिंक, फेस मोडणारं द्रव्य, असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं उभ्या डब्यात यातलं काही तळाशी बसतं आणि हलवलं तरी सगळं परत मिसळेलच असं नाही. बहुतेक कंपन्या सीलबंद ऑईलला साधारण पाच वर्षांचीच मुदत सांगतात, ती यामुळेच.

खरा शत्रू मात्र पाणी. ड्रम उघड्यावर उभा असेल तर पावसाचं पाणी वरच्या कडेत साचतं. दिवसा ड्रम तापतो, रात्री गार होतो, आणि आकसताना बुचातून ते पाणी आत ओढून घेतो. बूच घट्ट दिसलं तरी हे होतं. म्हणून पावसाळ्यात बाहेर राहिलेला ड्रम आणि एकदा उघडलेला कोणताही डबा माझ्या लेखी बाद. वाहन कोणतंही असो.

आता सीलबंद डब्याकडे वळू. त्यावर दोन गोष्टी वाचायच्या: ग्रेड, म्हणजे ऑईलचा जाडपणा, आणि एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा दर्जा. दर्जात 'एस'ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजनाची, 'सी'ची डिझेलची. लोक फक्त ग्रेड पाहतात, २०डब्ल्यू-५० किंवा एसएई ४०, आणि खूश होतात. दर्जाची अक्षरं जास्त बोलतात. 'एसए' म्हणजे जवळजवळ निव्वळ तेल. १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना ते योग्य नाही, असं एपीआय स्वतःच सांगते. 'एसबी'ची हद्द १९५१ पर्यंत. म्हणजे गाडी १९७५ ची आणि ऑईलही १९७५ चं, म्हणून जोडी जमली, हा हिशेब फसवा आहे. 'एसएफ' लिहिलेलं असेल तर ते १९८८ पर्यंतच्या गाड्यांना पुरेल असं होतं. अर्थात ताजं असताना.

नवीन ऑईलविरुद्धचा दावाही ऐकायला हवा. नव्या ऑईलमध्ये झिंक कमी, जुन्या इंजनाचा कॅम खाऊन टाकेल, असं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० अशा पातळ ग्रेडपुरतं. झिंकच्या द्रव्यातच फॉस्फरस असतो, आणि नव्या पेट्रोल दर्जांमध्ये फॉस्फरसवरची ०.०८ टक्क्यांची मर्यादा अशा ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. सीआय-४ दर्जाच्या १५डब्ल्यू-४० डिझेल ऑईलमध्येही झिंक भरपूर असतं. ॲम्बेसेडर, पद्मिनी, बुलेट यांचे सपाट टॅपेट त्यावर सुखाने चालतात. म्हणजे झिंकसाठी जुना डबा शोधायची गरजच उरत नाही.

बुलेटचं सांगायचं तर, जुन्या कास्ट आयर्न इंजनात प्रायमरी (इंजनाची ताकद क्लचकडे नेणारी चेन) आणि गिअरबॉक्स यांचं ऑईल वेगळं. इंजनातलं ऑईल क्लचला लागत नाही, त्यामुळे क्लच घसरण्याची धास्ती नको. २०डब्ल्यू-५० खनिज ऑईल घ्या. पण ऑईल कमजोर पडलं तर पहिला मार बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला), आणि ते काम क्रँक उघडल्याशिवाय होत नाही. दोन-अडीच लिटर ऑईलचे पैसे वाचवून हे ओढवून घेणं मला पटत नाही. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल पाणी ओढतं. गावातल्या गावात, इंजन नीट न तापता फिरणाऱ्या गाडीच्या ऑईलमध्ये ओल जास्त जाते, आणि तीच पेलायला मिसळलेली द्रव्यं दमदार लागतात.

ट्रॅक्टरचं उत्तरही तेच. एचएमटी असो की बी-२७५, मे महिन्यात नांगराला जुंपायचा असेल तर नवीन १५डब्ल्यू-४०. शेतातल्या संथ फिरणाऱ्या पाण्याच्या इंजनाला मात्र सीलबंद, 'सीडी' लिहिलेलं एसएई ३० चालून जाईल. कंपनी तोच ग्रेड सांगत असेल, तर माझी हरकत नाही.

तेही तपासून. काचेच्या बाटलीत दोन दिवस उभं ठेवा: तळाला गाळ किंवा दुधाळपणा दिसला तर नको. तापलेल्या तव्यावर थेंब टाका, तडतडला तर पाणी आहे. पास झालं म्हणजे द्रव्यं शाबूत आहेत असं सिद्ध होत नाही, एवढं ध्यानात असू द्या. नापास ऑईल वखराच्या पासेला, विळ्या-कुऱ्हाडीला गंज लागू नये म्हणून चोळायला कामी येतं. विहिरीजवळ मात्र ओतू नका.

राजदूत, जुनी येझदी, जुनी चेतक यांच्या पेट्रोलमध्ये हे ऑईल मुळीच टाकायचं नाही. टू-स्ट्रोकला टू-टी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं खास ऑईलच, तेही नवीन. ते महाग नाही.

नवीन घेतानाही डोळे उघडे ठेवा. रिकामे डबे परत भरून विकण्याचा धंदा तालुक्याच्या बाजारात नवा नाही. पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, बॅच नंबर बघा, आणि आपला रिकामा डबा भंगारात देण्याआधी कापा.

वर्षानुवर्षं डिटर्जंट नसलेल्या ऑईलवर चाललेल्या इंजनात नवीन ऑईल टाकलं की चिकटलेला मळ सुटतो आणि ऑईल लवकर काळं पडतं. शक्य असेल तर आधी चेंबर (इंजनाखालचं ऑईलचं भांडं) उतरवून साफ करा. नाही जमलं, तर पहिलं ऑईल चार-पाचशे किलोमीटरवरच बदला, जाळी-फिल्टर धुवा, मग पुढचं नेहमीच्या हिशेबाने.