गोल्डियन फिंच, पिवळी पावडर आणि मग ते "हिरवे फिंच": पुण्यात मला कसं गंडवलं

गोल्डियन फिंच, म्हणजे ते दाणे खाणारे छोटे रंगीत पक्षी, घ्यायचा विचार असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आमच्याकडे झेब्रा फिंच बरीच वर्षं आहेत, बाल्कनीत लांबट पिंजरा आहे, राळा, बाजरी, समुद्रफेस सगळं वेळच्या वेळी असतं, पिल्लं पण होऊन मोठी झालीत, म्हणजे मी काही अगदीच नवखी नाही. तरी पण फसवली गेले, कारण हा दुकानदार जे लपवत होता ते दुकानात उभं राहून दिसत पण नाही आणि ऐकू पण येत नाही.

दुकानाचं नाव देत नाहीये, तक्रार केलीये तिचं काय होतं ते बघू. सासऱ्यांची फार दिवसांची इच्छा होती की ते जांभळ्या छातीचे, पिवळ्या पोटाचे रंगीत फिंच आणायचे, म्हणून गेलो आम्ही. लाल डोक्याचा नर, काळ्या डोक्याची मादी, जोडी साडेचार हजार. बिल मागितलं तर "पक्ष्यांचं कसलं बिल ताई, जीपे केलं की झालं". आणि वर ऐटीत सांगितलं की ही इम्पोर्टेड जोडी आहे, डायरेक्ट ऑस्ट्रेलियाची. आता गोल्डियन मूळचा उत्तर ऑस्ट्रेलियाचाच, पण ऑस्ट्रेलियाने आपले रानटी फिंच बाहेर विकणं १९६० पासूनच बंद केलंय, इकडे मिळतात ते सगळे पिंजऱ्यात वाढवलेल्यांचीच पिढी. त्यामुळे "ऑस्ट्रेलियाहून आलीये" असं कोणी म्हणालं की तिथेच समजायचं की माणूस थापा मारतोय. मी समजले होते पण म्हटलं विकणारे बोलतातच असं काहीतरी, पक्षी तर छान दिसतायत.

आणि खरंच छान दिसत होते. टवटवीत, पिसं अंगाला चिकटलेली, इकडून तिकडे उड्या. नंतर कळलं की त्यात पण गोम आहे. आजारी पक्षी एरवी फुगून गोळा होऊन बसतो, पण घाबरला की पिसं आवळून एकदम ताठ होतो आणि धडधाकट दिसतो, आजार लपवणं हे त्यांच्या रक्तातच असतं, कारण रानात जो मलूल दिसतो तोच आधी मरतो. म्हणून गिऱ्हाईक आलं की तो पोरगा पिंजऱ्यावर टकटक करत होता. मला वाटलं पक्षी दाखवतोय.

घरी आणल्यावर वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवले, नवीन पक्षी महिनाभर तरी जुन्यांजवळ न्यायचा नाही हा आमचा नियम आहे. तो पाळला म्हणून झेब्रा वाचले, नाहीतर या लेखात अजून बरंच रडगाणं असतं. रात्री दिवे बंद केल्यावर त्या खोलीतून टिक टिक टिक असा बारीक आवाज यायला लागला. मी आधी घड्याळ समजले. मग पंखा बंद केला, कान लावला, तर आवाज मादीच्या श्वासाचा होता. सकाळी नीट बघितलं तर श्वासाबरोबर शेपटी वरखाली होतेय, चोच थोडी उघडी, मधूनच दांडीवर चोच घासतेय, आणि नर गळा फुगवून गातोय पण आवाज जवळजवळ नाहीच.

दुकानदाराला व्हिडिओ पाठवला. लगेच फोन आला, एकदम मायेने, "काय होत नाय ताई, हवा बदलली की सर्दी होते, पावडर टाका पाण्यात". ती पावडर अर्थातच त्याच्याकडेच. छोटी प्लॅस्टिकची पुडी, वर लेबल नाही काही नाही, पाण्यात टाकली की पाणी पिवळंधमक. दीडशे रुपये. ती संपली की दुसरी, मग "ताकदीचे ड्रॉप्स", मग "स्ट्राँगवाली पावडर". दरवेळी एकच सांगणं, कोर्स अर्धा सोडू नका, डॉक्टरकडे नेऊ नका, डॉक्टरांना कुत्र्यामांजरांचंच कळतं, सुई मारून मारून टाकतील. आणि खरं सांगायचं तर पक्षी बघणारे डॉक्टर शोधायला आपल्याकडे वेळ लागतोच, हे त्याला पक्कं माहीत असतं, त्याचा धंदा त्याच्यावरच चालतो.

शेवटी एक डॉक्टर मिळाले. त्यांनी खोलीत अंधार केला, मादीच्या मानेवरची पिसं ओल्या बोळ्याने बाजूला केली आणि मागून बारीक टॉर्च धरला, तर त्या पारदर्शक दिसणाऱ्या गळ्यात काळे काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे किडे, माईट. फिंच आणि कॅनरीच्या श्वासनळीत आणि हवेच्या पिशव्यांमध्ये राहतात, रक्तावर जगतात, आणि गोल्डियनमध्ये तर हा इतका ठरलेला आजार आहे की गोल्डियन विकणाऱ्याला तो माहीत नसणं शक्यच नाही. रात्रीची ती टिकटिक हीच त्याची खूण. बाजारात दिवसभर शंभर पक्ष्यांचा कलकलाट, त्यात ती ऐकू येणार कशी.

मी पुडी दाखवली. ते म्हणाले हे दिसतंय टेट्रासायक्लिनसारखं, म्हणजे अँटिबायोटिक, सर्रास वापरतात. आता अँटिबायोटिक मारतं जंतूंना, माईट हा किडा आहे, त्याला काय फरक पडतोय. उलट पाणी कडू झालं की पक्षी पाणीच कमी पितो, आणि अख्खा पक्षीच पंधरासोळा ग्रॅमचा, त्याला किती सोसणार. वर आम्ही कॅल्शियमसाठी समुद्रफेस लावलेला, आणि टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटून बसतं, म्हणजे ते औषध जंतूंवरसुद्धा धड चाललं नसतं. एवढं सगळं मी पैसे देऊन करत होते!

यावर खरं औषध आयव्हरमेक्टिनचं असतं, मानेच्या उघड्या कातडीवर अगदी बारीक थेंब, आणि काही दिवसांनी परत. पण हे वाचून कोणी मेडिकलमधून आणून घरी टाकू नका हं, डोस थोडा जास्त झाला तरी पक्षी जातो, आणि किडे खूप झालेले असतील तर ते मेल्यावर त्यांनीच श्वासनळी तुंबू शकते, म्हणून डॉक्टर बघून ठरवतात. नर वाचला. मादीत तोपर्यंत जीव राहिला नव्हता, पावडरीच्या नादात जो वेळ गेला तो तिलाच महागात पडला.

मी दुकानात गेले भांडायला. आधी तो नाहीच म्हणाला, मग एकदम माझ्यावरच आला, "घरात नॉनस्टिक तवा आहे का? अगरबत्ती लावता का? मग तुमच्याच घरात मेली". आता नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या वाफेने पक्षी मरतात हे अगदी खरं आहे, आमच्याकडे म्हणूनच लोखंडी तवा आहे. पण त्या वाफेने पक्षी बघता बघता मरतो, कित्येक रात्री टिकटिक करत नाही. हा माणूस खरी माहिती खोट्या ठिकाणी वापरतो, आणि समोरच्याला अर्धवट माहिती असेल तर तो गप्पच बसणार, मीच केलं की काय म्हणून.

मी डॉक्टरांचा कागद पुढे केला तेव्हा आवाज खाली आला. "जाऊ द्या ताई, तुम्ही आपल्या माणूस, पैसे नाय पण बदली देतो, ग्रीन फिंच घेऊन जा, ऑस्ट्रेलियन, याच्यापेक्षा महाग". आतून एक भोकं पाडलेला खोका आणला, दोऱ्याने बांधलेला, इथे उघडू नका उडून जातील. घरी उघडला तर दोन पोपटी पक्षी, पण चोच जाड आणि काळपट, डोळे भेदरलेले, माणूस जवळ गेला की जाळीवर आपटत होते. पिंजऱ्यात वाढलेला फिंच असं करत नाही. मी आंघोळीला वाटीत पाणी ठेवलं. एकाने अंग भिजवलं आणि वाटीतलं पाणी हिरवं, छातीवरची पिसं ओली होऊन खालून चॉकलेटी खवले खवले दिसायला लागले. आपली ठिपकेवाली मनोली! शेतातून जाळ्याने धरायची, रंगवायची आणि ऑस्ट्रेलियन म्हणून विकायची.

आणि खरी मेख पुढे आहे. मी फोन करून हे बोलले तर तो शांतपणे म्हणाला, "करा ना तक्रार, पक्षी तुमच्या घरात आहे". १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मनोली धरणं, विकणं आणि पाळणं पण गुन्हा आहे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणजे बदली म्हणून दिलेला तो खोका माझं तोंड बंद करायला होता. किती जण असे घाबरून गप्प बसले असतील, नाहीतर बाल्कनीतून सोडून देत असतील, आणि रंगाने पिसं चिकट झालेला, उडायची सवय गेलेला पक्षी सोडला तर कावळा मांजर त्याला दुपार बघू देत नाही.

मी त्याच दिवशी वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन केला, सगळं खरं सांगितलं, फोटो, जीपेचा स्क्रीनशॉट, त्याचे पावडरवाले मेसेज, सगळं दिलं. सासरे घाबरले होते, पोलीस येतील म्हणून. तसं काही झालं नाही, पक्षी घेऊन गेले, माझं म्हणणं लिहून घेतलं. तो रंग धुऊन जात नाही म्हणे पूर्ण, जुनी पिसं झडून नवी येईपर्यंत त्यांना सांभाळावं लागतं.

आता घेणाऱ्यांसाठी, जे मी त्यानंतर दोन चांगल्या ब्रीडरकडे बसून शिकले. दुकानात गेल्यावर लगेच पिंजऱ्याजवळ जाऊ नका, लांब उभं राहून बघा, पक्ष्यांना वाटलं पाहिजे की कोणी बघत नाहीये, तेव्हा जो फुगतो तो आजारी. टकटक करणाऱ्याला थांबवा. पक्षी हातात घ्यायला सांगा, छातीचं हाड सुरीसारखं टोकदार लागलं तर तो उपाशी किंवा आजारी आहे. शेपटीखालची पिसं घाण असतील तर नकोच, आणि तिथली पिसं कात्रीने कापलेली दिसली तर त्याहून नको, कारण घाण लपवायलाच ती कापतात. शांत जागी नेऊन कानाशी धरा. बंगाली फिंचची "जोडी" घेताना तर जास्तच सांभाळा, त्यांचे नरमादी दिसायला सारखेच, गातो तो नर एवढीच खूण, त्यामुळे दोन नर सहज गळ्यात मारतात आणि मग लोक वर्षभर मडक्यात डोकावत बसतात. झेब्राची काळी चोच म्हणजे अजून पिल्लू आहे, "ब्रीडिंग पेअर" म्हणून त्याचे पैसे देऊ नका.

दुकानाला राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते, २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे, ती भिंतीवर आहे का विचारा. माझ्यावाल्याच्या भिंतीवर फक्त एका साबणाचं कॅलेंडर होतं. बिल देत नसेल तर निदान पैसे ऑनलाइन द्या आणि लगेच मेसेज करून ठेवा की अमुक जोडी, अमुक रक्कम, मिळाली. मी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार टाकलीये, तेव्हा हेच मेसेज कामाला आले. पैसे अजून मिळालेले नाहीत, त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय, आणि स्टेटसला परवा "न्यू स्टॉक ग्रीन फिंच" टाकलेलं एका मैत्रिणीने मला पाठवलं. ते मी तसंच वनविभागाला पुढे पाठवलंय. तुमच्याकडे कुणाला असे हिरवे फिंच विकले असतील तर ते सोडून देऊ नका, फोटो काढा आणि १९२६ ला फोन करा.