भाषाविज्ञानाची नेट देताय? क्लासचे पैसे भरण्याआधी ‘मी आंबा खाल्ला’ विचारा

नेटचे, म्हणजे सहायक प्राध्यापक पदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, फॉर्म सुटले की नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या जिन्यांवर पत्रकं चिकटायला लागतात. पेपर एकचे, म्हणजे सगळ्या विषयांना सारख्या असलेल्या पेपरचे, क्लास पुण्यात हवे तेवढे आहेत. भाषाविज्ञानाचा पेपर दोन मात्र मनापासून शिकवणारं माणूस शोधावं लागतं. त्यामुळे ‘भाषाविज्ञान, मराठीतून, पूर्ण तयारी’ एवढे शब्द दिसले की मुलं आणखी चौकशी न करता पैसे भरतात. इथे ज्या विद्यार्थिनीची हकिकत देतोय, ती सातारा जिल्ह्यातून आलेली, एम.ए. मराठी झालेली. तिने १७,७०० रुपये भरले. कबूल केलं होतं ते असं: ४ महिने रोज दीड तास ऑनलाइन लेक्चर, १,२०० पानांच्या नोट्स, २० टेस्ट, आणि ‘निवड नाही तर निम्मी फी परत’. मिळालं ते असं: ११ लेक्चर, ६४० पानांचं स्पायरल बाइंडिंग आणि ६ टेस्ट. सातव्या आठवड्यात टेलिग्रामचा ग्रुपच नाहीसा झाला.

क्लासचं नाव देत नाही. नाव पुढच्या वर्षी बदलतं, पत्रक तेच राहतं. माल ओळखता आला पाहिजे.

फसवणूक पैसे घेण्याच्या आधीच सुरू झाली होती. तिला सांगितलं गेलं, ‘मराठीला, म्हणजे कोड ३८ला, गर्दी फार. भाषाविज्ञान घ्या, कोड ३१. मुलं कमी बसतात, लगेच निघतं.’ ऐकायला पटतं, पण हिशोब तसा नाही. दोन्ही पेपरला बसून किमान गुण (खुल्या गटाला एकूण ४० टक्के, राखीव गटांना ३५ टक्के) मिळवणाऱ्यांतून सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरवायची संख्या ही परीक्षेला बसलेल्यांच्या ६ टक्के असते, आणि ती विषयांमध्ये त्या त्या विषयाच्या संख्येच्या प्रमाणात वाटली जाते. ढोबळमानाने, ५०० बसले तर ३० आणि ५० बसले तर ३. विषय लहान, तर जागाही तेवढ्याच कमी. शिवाय ज्या विषयात पदव्युत्तर पदवी आहे त्याच विषयात परीक्षा द्यावी, हे परीक्षेच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. मराठीच्या विद्यार्थिनीने कोड ३१ भरणं म्हणजे ज्यांनी दोन वर्षं ध्वनिविचार आणि वाक्यविचारच केला आहे त्यांच्याशी नव्याने सुरुवात करून स्पर्धा करणं. आवड असेल, वेळ असेल तर जरूर करावं. ‘लगेच निघतं’ म्हणून करू नये.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट कळते. कटऑफ परीक्षेनंतर, बसलेल्यांच्या गुणांवरून ठरतो. तेव्हा निवडीची हमी कुणीच देऊ शकत नाही, अगदी उत्तम शिक्षकसुद्धा. ५०हून जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत निवडीची हमी देणाऱ्या जाहिरातीला सरळ मनाई आहे.

आता नोट्स. जास्त नुकसान इथे झालं, आणि इथेच थोडं लक्ष दिलं तर फसवणूक पैसे भरायच्या आधी पकडता येते.

पहिल्या प्रकरणात परीक्षेची रचना दिली होती: ‘पेपर ३, ७५ प्रश्न’. तिसरा पेपर २०१८च्या जुलैपासून नाही. आता दोनच पेपर आहेत. पहिल्यात ५० प्रश्न १०० गुणांना, दुसऱ्यात १०० प्रश्न २०० गुणांना, सलग ३ तास, संगणकावर. म्हणजे त्या नोट्स सात-आठ वर्षं जुन्या होत्या, वर फक्त नवं मुखपृष्ठ. ध्वनिविज्ञानाच्या प्रकरणात ध्वनिलिपीच्या चिन्हांच्या जागी पानभर रिकामे चौकोन छापलेले. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर आली, फॉन्ट आला नाही, आणि कुणी ते वाचलंही नाही. मूर्धन्य ‘ट’चं चिन्ह आणि दंत्य ‘त’चं चिन्ह यांतला फरक ज्या पानावर शिकायचा, त्याच पानावर दोन्हीकडे सारखाच चौकोन. आणखी साधारण दीडशे पानं ई-पीजी पाठशाला या सरकारी संकेतस्थळावरची मॉड्यूल होती, जी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. पानाच्या वरची पट्टी पांढऱ्या चौकोनाने झाकली होती. पान उजेडासमोर धरलं की कडा दिसायची.

खरी चूक व्याकरणाच्या प्रकरणात होती. ‘भूतकाळात कर्त्याला नेहमी ने लागतो.’ हे वाक्य मराठी माणसाने लिहिलेलं असणं शक्य नाही. तीन वाक्यं म्हणून पाहा: ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘मी आंबा खाल्ला’, ‘तू आंबा खाल्लास’. तिन्हीत क्रियापद आंब्याकडे बघून चालतं. आंब्याऐवजी पोळी घाला, ‘खाल्ली’ होतं. पण ‘ने’ फक्त रामाला लागला. ‘मी’ आणि ‘तू’ मोकळेच राहिले, आणि ‘तू’च्या वाक्यात क्रियापदाच्या शेवटी वेगळा ‘स’ आला. पुढे ‘राम इंग्रजी शिकला’ घ्या. इंग्रजी हे कर्म आहे, काळ भूत आहे, तरी ‘ने’ नाही आणि क्रियापद रामाबरोबर. विसरणे, पिणे ही क्रियापदंही अशीच वागतात. ‘मैंने’, ‘तूने’ हिंदीत असतं. म्हणजे हिंदी गाइड शब्दाला शब्द उचलून मराठीत ओतलं होतं, आणि ‘मराठीतून खास नोट्स’ म्हणून विकलं होतं. या रचनेवर, म्हणजे ‘ने’ लावलेला कर्ता आणि कर्माकडे बघून चालणारं क्रियापद अशा अर्गेटिव्ह रचनेवर, पेपर दोनमध्ये प्रश्न आला की ही मुलगी चुकणार, आणि तेही तिच्या स्वतःच्या भाषेतल्या उदाहरणावर.

म्हणून डेमो लेक्चरमध्ये हेच विचारा: ‘मी आंबा खाल्ला’मध्ये ‘ने’ का नाही? विषय येणारा माणूस खुलतो. कर्त्याचा पुरुष कोणता, क्रियापद पूर्ण झालेली क्रिया दाखवतं का, क्रियापद कुणाकडे बघून बदलतं, हे तो फळ्यावर मांडायला लागतो. न येणारा म्हणतो, ‘तो भाग पुढच्या मॉड्यूलमध्ये आहे.’

आणखी दोन-तीन प्रश्न खिशात ठेवावेत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फरक काय? ऐकणारा धरून आणि ऐकणारा वगळून असा भेद मराठीत आहे, हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही. त्या नोट्समध्ये लिहिलं होतं, ‘प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच’. ‘चार’ हा आकडा आणि ‘गुरांना चार’ मधला ‘चार’ एकाच ‘च’ने लिहितो, पण उच्चार दोन आहेत, आणि केवळ त्या फरकाने अर्थ बदलतो. स्वनिम म्हणजे काय हे मराठी मुलाला शिकवायला याहून चांगली जोडी शोधायला नको. ती जोडी नोट्समध्ये नसेल, तर लिहिणाऱ्याने मराठीचा विचारच केलेला नाही. भाषाकुळांचं पान जरूर उघडून बघा. मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली, म्हणजे ऑस्ट्रोआशियाई. गोंडी आणि कोलामी द्राविडी. भिली इंडो-आर्यन. बुलढाण्याकडची निहाली यांपैकी कुठल्याच कुळात बसत नाही. त्या बाइंडिंगमध्ये या सगळ्या ‘आदिवासी भाषाकुळ’ या एका मथळ्याखाली होत्या. असं कुळ नाही. महाराष्ट्राचा नकाशा घरात असलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी याचं वाईट वाटतं.

टेस्ट सिरीजने केलेलं नुकसान वेगळ्या जातीचं आहे, आणि ते मुलांच्या लक्षातही येत नाही. त्या सहाही टेस्टमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा होता. ही पद्धत सीयूईटी-पीजीची, म्हणजे एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेची. नेटमध्ये प्रत्येक प्रश्नाला २ गुण, आणि चुकीला काहीच वजा होत नाही. सहा टेस्ट देऊन तिच्या हाताला सवय लागली, की खात्री नसेल तर सोडायचं. प्रत्यक्ष परीक्षेत तिने २८ प्रश्न कोरे ठेवले. चार पर्यायांतला कुठलाही एक डोळे मिटून निवडला असता, तरी सरासरीने ७ बरोबर आले असते, म्हणजे १४ गुण. कटऑफच्या आसपास १४ गुण फार मोठे असतात. कुठलीही टेस्ट विकत घ्यायच्या आधी तिची गुणपद्धत परीक्षेच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा.

परीक्षेच्या चार दिवस आधी दुसरा एक टेलिग्राम चॅनल आला. ‘पेपर आलाय, ५,००० रुपये.’ पुरावा म्हणून मागच्या वेळची पोस्ट दाखवायचे. तिच्यावर परीक्षेच्या आदल्या दिवशीची वेळ, आणि आत खरा पेपर. युक्ती सोपी आहे. आदल्या दिवशी कुठलीही फाइल टाकायची, परीक्षा संपल्यावर तीच पोस्ट उघडून फाइल बदलायची. टेलिग्राम वेळ पहिलीच दाखवतं. वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘संपादित’ अशी खूण येते, आणि स्क्रीनशॉट कापताना ती कापली जाते. १८ जून २०२४ची नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली होती, आणि ती दिलेल्या नऊ लाखांहून जास्त मुलांसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा घ्यावी लागली. पुढे सीबीआयच्या तपासात निघालं, की फुटलेल्या पेपरचा म्हणून फिरलेला स्क्रीनशॉटच फेरफार केलेला होता. तेव्हा असा स्क्रीनशॉट बघून एक रुपयाही देऊ नये.

पैशाची बाजू. पावतीवर १५,००० फी आणि १८ टक्के जीएसटी २,७०० असं लिहिलं होतं, पण जीएसटी क्रमांक नव्हता. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही. क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो, आणि सरकारी जीएसटी संकेतस्थळावर टाकला की नाव दिसतं. सहावं अक्षर बघा. तिथे पी असेल तर ती एक व्यक्ती आहे, सी असेल तर कंपनी. पत्रकावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि क्रमांकात पी, तर तिथूनच परत फिरा. फी एकदम भरू नका. महिन्याची भरा, नाहीतर ठरलेल्या लेक्चरनंतर पुढचा हप्ता द्या. नोट्सची कुठलीही २० पानं मागा, पण तुम्ही सांगाल त्या प्रकरणाची. ते निवडतील त्या प्रकरणाची नकोत.

ग्रुप बंद झाल्यावर तिला फोन आला, ‘रिफंड पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. तिने टाकला नाही, हे बरं झालं. असा पिन टाकून पैसे गेलेच, तर एक मिनिट न घालवता १९३०वर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता येतात. क्लासने कबूल केलेलं दिलं नाही ही वेगळी तक्रार, तिच्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंत भरलेल्या रकमेसाठी तक्रारीला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात ती देता येते.

पुरावा मात्र हातात हवा. टेलिग्रामचा ग्रुप चालकाने काढून टाकला की सगळ्यांच्या फोनमधून जातो. संगणकावरच्या टेलिग्राममध्ये गप्पा निर्यात करायची सोय आहे. पैसे भरल्या दिवशीच एकदा करा, मग दर आठवड्याला. या मुलीच्या ग्रुपमधलं सगळं गेलं. बाइंडिंग आणि पावतीशिवाय दोनच गोष्टी राहिल्या: बँकेच्या खात्यातला यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, आणि अभ्यासिकेच्या जिन्यावरच्या पत्रकाचा फोटो, जो तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने नंबर उतरवायचा कंटाळा आला म्हणून काढून ठेवला होता. ‘निवड नाही तर निम्मी फी परत’ ही ओळ त्या फोटोत स्पष्ट वाचता येते. तक्रार तिच्याच आधारावर दाखल झाली आहे.