जर्मन इमर्शन कोर्सच्या नावाखाली २,३२,९४० रुपयांचा चुना

आधीच सांगते, जर्मनची बी१ (मधली पातळी) पास आहे मी, ऑफिसात व्हेंडर लोकांची बिलं तपासायचंच काम करते, त्यामुळे 'एवढं कसं कळलं नाही' हे ऐकवायला येऊ नका, घरी ऐकून झालंय.

फ्रायबुर्गला चार आठवडे, २२ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर २०२५. सकाळी भाषेचे तास, दुपारी शहर, एक दिवस शाउइन्सलांडचा डोंगर, राहायला जर्मन कुटुंब. एजंट पुण्यातलाच, ऑफिस होतं, बोर्ड होता, चहा पाजला. सीट ब्लॉक करायला २५,००० यूपीआयने, व्हिसा फाईल आणि इन्शुरन्सचे १८,५००, आणि फी १,८५० युरो थेट 'शाळेच्या' खात्यात, त्या दिवशीच्या रेटने १,८९,४४०. तेही बँकेत जाऊन परदेशात पैसे पाठवायचा ए२ फॉर्म रीतसर भरून, मग संशय कशाला येईल? (शेंगेन व्हिसाची फी ९० युरो असते आणि ती अर्ज देताना आपली आपण भरता येते, एजंटच्या हातात कशाला द्यायची.)

आता जे डोक्यातून जात नाही ते. पैसे भरायच्या आदल्या रात्री टाइमटेबलची पीडीएफ आली. शुक्रवार ३ ऑक्टोबर, ९ ते १२.१५, ग्रामर. ३ ऑक्टोबर! एकीकरणाचा दिवस, अख्ख्या जर्मनीला सुट्टी, हे आम्हाला ए१ ला, म्हणजे पहिल्याच पातळीला शिकवलेलं. त्याखाली रविवारी कैझर-योसेफ-स्ट्रासवर शॉपिंग. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हो! मी ते वाचलं, आईला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आम्ही स्वेटर कुठला घ्यायचा यावर बोलत बसलो. खात्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते नंबर) पण एलटीने सुरू होत होता, म्हणजे लिथुआनिया. जर्मन खातं डीईने सुरू होतं. विचारलं तर म्हणे 'मॅडम, युरोपात सगळं एकच'. शाळा खरी आहे, फक्त ईमेलच्या पत्त्यात एक जास्तीची आडवी रेघ होती. शाळेच्या मूळ वेबसाइटवरून पत्ता घेऊन स्वतः मेल करा, पैसे द्यायच्या आधी. मी व्हिसा अपॉइंटमेंटच्या वेळी केला, दुसऱ्या दिवशी उत्तर, या नावाची नोंदणी आमच्याकडे नाही.

मग वरात सुरू. १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पण फक्त यूपीआयवाल्या रकमेची, परदेशातलं बँकेला विचारा. बँकेची ब्रँच म्हणते मुंबईच्या फॉरेक्स सेलला मेल टाका, सेल म्हणतो रिकॉल (पैसे परत मागायची विनंती) टाकलाय, पण समोरच्या बँकेने हो म्हटलं तरच, आणि त्या रिकॉलचे चार्जेस पुन्हा माझ्याकडूनच! चौकीत साहेब म्हणाले, 'तुम्हीच सही करून पाठवलेत ना, मग फ्रॉड कसला?' आणि वर, 'जर्मन शिकून करणार काय?' चौकीने सायबरला पाठवलं, सायबरने परत चौकीला. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) मागा, जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, तोंडी ऐकत नसतील तर अर्ज देऊन पोच घ्या. मी घेतली तेव्हा कुठे खुर्ची मिळाली बसायला.

होस्ट फॅमिलीचा फोटो गूगलवर उलटा सर्च करा. माझं 'कुटुंब' एका फर्निचरच्या जाहिरातीत निघालं.

सायबर तक्रारीच्या पोर्टलवर अजून 'अंडर प्रोसेस'. ऑफिसला कुलूप आहे, पण त्याच नंबरवरून माझ्या मैत्रिणीला परवा मेसेज आला, ड्रेस्डेन, ख्रिसमस मार्केट बॅच, शेवटच्या ३ सीट.