व्हीआरमध्ये नेम कशाने धरायचा: कंट्रोलर, हात की नजर?

व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा, हेडसेट निवडताना बहुतेक जण आधी रेझोल्यूशन बघतात. मी आधी विचारेन, यात बटण दाबायचं कसं? चित्र थोडं कमी स्पष्ट असलं तर चालून जातं, पण दर तिसरा क्लिक चुकला की हेडसेट कपाटात जातो.

हातात धरायच्या कंट्रोलरच्या टोकातून एक किरण निघतो आणि तो टेकेल तिथे कर्सर. मनगट फक्त एक अंश हललं तरी दोन मीटरवर हा कर्सर साडेतीन सेंटिमीटर सरकतो, पाच मीटरवर जवळजवळ नऊ. त्यात ट्रिगर दाबताना हात हलतोच. फाइल्सच्या यादीत एका ओळीवर नेम धरावा, बोट आवळावं आणि निवडली जावी खालची ओळ! याला हायझेनबर्ग परिणाम म्हणतात. कोपर मांडीला टेकवा आणि पॅनल जवळ ओढून घ्या, बराच फरक पडतो. एवढं असूनही चित्रकला, थ्रीडी मॉडेलिंग आणि खेळ यांसाठी मी कंट्रोलरच घेईन, कारण बटण दाबलं गेल्याचं बोटाला खात्रीने कळतं.

नुसते हात वापरायचे तर चिमटीने क्लिक होतं. मेटाच्या क्वेस्ट हेडसेटवर ही सोय २०१९ च्या अखेरीस आली. व्हिडिओ बघायला, पाहुण्यांना दाखवायला उत्तम. मात्र एक हात दुसऱ्याआड गेला की कॅमेऱ्यांना बोटं दिसत नाहीत. शिवाय हात सतत वर धरून खांदे भरून येतात.

नजरेचा वेग या दोन्हींना नाही. २०२४ साली आलेल्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये वस्तूकडे बघायचं आणि मांडीवर ठेवलेल्या हाताने चिमूट करायची. ही चिमूट फार महत्त्वाची आहे. ती नसेल आणि नुसतं रोखून बघण्याने निवड होत असेल, तर वाचता वाचता नको ते उघडतं. ग्रीक कथेतल्या मिडास राजाने हात लावला की नको असतानाही सोनं, तसं. नजरेचा नेम साधारण अंशभर इकडेतिकडे होतो, त्यामुळे मोठ्या आयकॉनना अडचण नाही, पण दोन अक्षरांमध्ये कर्सर ठेवायला मात्र ती पुरत नाही. लिखाणाचं काम असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड जोडाच.

फिरण्याचा प्रश्न वेगळा. कंट्रोलरवरच्या स्टिकने आभासी जगात सरकत गेलं की डोळे सांगतात चाललोय, आतला कान सांगतो बसलोय, आणि मळमळ सुरू होते. टेलिपोर्टमध्ये, म्हणजे जागा दाखवून थेट तिथे उडी घेण्यात, हा त्रास बराच कमी, पण उडी मारल्यावर आपण कुठे आलो ते क्षणभर कळत नाही. नवख्याने टेलिपोर्टच घ्यावं, वळणंही टप्प्याटप्प्याने घेणारी ठेवावीत. खोलीत जागा असेल तर स्वतःच्या पायांनी चालणं या दोन्हींहून सरस.

घेण्याआधी हेडसेट चढवून एक लांब पासवर्ड टाइप करून बघा आणि मधलं एकच अक्षर दुरुस्त करा.